कोंडवाड्यातला हुकूम

प्रेमाबाईची शिट्टी वाजली की बोरमाळमधली कुत्री आधी गप्प होतात, मग माणसं. पारावरचा पत्त्यांचा डाव थांबतो. गिरणीवाला गिरणीत धान्य टाकायचा थांबतो. कडेवर पोर घेतलेली एखादी सून उंबऱ्यात येऊन उभी राहते आणि आतून सासू विचारते, "काय काढलं गं सरकारनं आता?"

ईटच्या बाजारगावातून तालुक्याला, भूमला, जाणाऱ्या रस्त्याला लागायच्या आधी डाव्या हाताला कच्चा फाटा फुटतो, तो बोरमाळला जातो. प्रेमाबाई तिथली कोतवाल. सरकारनं मध्ये त्या पदाचं नाव बदलून महसूल सेवक केलं. गंमत अशी की ते गावाला सांगायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

"ऐका हो! आजपासनं कोतवालाला कोतवाल म्हणायचं न्हाय!"

"मग काय म्हणायचं?" पारावरून कुणीतरी विचारलं.

"महसूल सेवक!"

"बरं, कोतवालीणबाई!" असं म्हणून गाव पुन्हा पत्त्यांकडं वळलं.

प्रेमाबाई ठेंगणी. पन्नाशी गाठलेली. पण आवाज असा, की वेशीत उभं राहून हाक मारली तर ओढ्यापलीकडची म्हैस मान वळवते. लाळ्या-खुरकुताची लस, रेशनचा अंगठा, पीकविम्याची शेवटची तारीख, करोनात घराबाहेर पडायची मनाई, सगळं या एका गळ्यातून गावात शिरलं. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेही तिनंच पुकारलं. त्याच्या कितीतरी आधी धाराशिवचं उस्मानाबाद झालं होतं, ते तिच्या सासरच्या कुठल्याशा पणज्यानं पुकारलं होतं म्हणे. मधल्या काळात गावच्या आडाचं पाणी मचूळ होतं ते मचूळच राहिलं.

निजाम गेला, रझाकार गेले, राजधानी हैदराबादची मुंबई झाली. हुकूम काढणारे बदलत राहिले आणि पुकारणारं घर तेच राहिलं. पण या घराचा एक कायदा होता. कुठल्याही सरकारनं न केलेला.

तो कायदा प्रेमाबाईला तिच्या सासूनं, सिताबाईनं, लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात ऐकवला होता. प्रेमाबाई तेव्हा जळकोटहून नवीन आलेली, चुलीला फुंकर घालत बसलेली.

"तुज्या आजेसासऱ्याचं नाव बब्रुवान," सिताबाईनं सुरुवात केली. "निजामाच्या राज्यातला येसकर, येस राखायची आन् पुकारा करायचा. हलगी वाजवायचा आन् आधी म्हणायचा, 'खलक खुदा का, मुलुक सरकार का, हुकूम तहसीलदारसाहब का!' दुनिया देवाची, मुलूख राजाचा, आन् हुकूम ज्यानं काढला त्याचा. तिघांची नावं झाली की मग हुकूम. एकदा वसुलीचा एक अमीन आला घोड्यावर. म्हणला, पुकार, यंदा लेव्हीचं धान्य दुप्पट. बब्रुवान म्हणला, व्हय साहेब, हुकूम कुणाचा म्हणू? अमीन म्हणला, सरकारचा म्हण. ह्यो म्हणला, सरकारचा असंल तर शिक्का दाखवा. तुमचा असंल तर तुमचं नाव सांगा."

"मग?"

"मग काय! चाबूक." सिताबाईनं हवेत हात फिरवला. "पाठ फुटली. पण फुटल्या पाठीनं गावभर पुकारलं, 'हुकूम अमीनसाहेबाचा, सरकारचा न्हाय!' झालं! अमीन रातोरात घोड्यासकट गायब. कारण परगण्याला कळलं ना, दुप्पट धान्य कुणाच्या पोटात जाणार ते."

एवढं सांगून सासूनं सुनेच्या हातातली फुंकणी काढून घेतली. "ध्यानात ठिव. आपण हलकारे. दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडात येतं. म्हणून ज्याचं बोलणं त्याचं नाव आधी. न्हायतर त्ये बोलणं आपलं होतं."

पुढं धम्मदीक्षेचं छप्पन साल आलं. गावातल्या बौद्ध घरांनी जुनी कामं टाकली. मेलेली जनावरं ओढणं टाकलं, बलुत्याची भाकरी टाकली, आणि प्रेमाबाईच्या सासऱ्यानं हलगी खुंटीवरून काढून विहिरीत सोडली. बऱ्याच वर्षांनी त्याचा मुलगा, म्हणजे प्रेमाबाईचा नवरा बुद्धघोष, सरकारी पगारावर कोतवाल झाला, तेव्हा म्हातारा म्हणाला, "नोकरी कर. पण चामडं वाजवायचं न्हाय." बुद्धघोषनं ईटच्या बाजारातून पोलिसासारखी शिट्टी आणली. तो गेल्यावर नोकरी प्रेमाबाईकडं आली आणि शिट्टीही आली. दोरी तेवढी तिनं नवी घातली.

यंदाच्या पौषात या शिट्टीनं गावात आग लावली.

झालं असं. गावच्या देवळापुढं मोठा सभामंडप बांधायचं आबारावांनी मनावर घेतलं. आबाराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार, देवस्थान कमिटीचे अध्यक्ष, आणि पंचायतीत पद नसलं तरी पंचायत ज्यांच्या ओसरीवर बसते असे. मंडपाचे चार खांब नेमके पाणंदीत आले. पाणंद म्हणजे वस्त्यांवरून गावात यायची जुनी गाडीवाट. त्या वाटेनं रोज पहाटे दुधाचे कॅन मथुराबाईच्या खव्याच्या भट्टीवर यायचे. वाट बंद झाली तर सगळ्यांना ओढ्याला वळसा. पावसाळ्यात तर तोही नाही.

मथुराबाई चार एकरवाली, विधवा, तोंडाळ. ग्रामसभेत सरळ उभी राहिली.

"देवाला सावली पायजे, मान्य. पण देवानं माझी वाट मागितली का? मागितली असंल तर मला सपनात येऊन सांगावं. आबाच्या सपनात कशाला जातो?"

सभा हसली. आबाराव हसले नाहीत. मथुराबाईनं भूमला जाऊन अर्ज दिला. तहसीलमधून आदेश आला, काम थांबवा, पाणंद मोकळी करा. तो आदेश गावात कुणी पुकारला? अर्थातच प्रेमाबाईनं. "हुकूम तहसीलदारांचा!" असं खड्या आवाजात, आणि तेही आबारावांच्या दारापुढून. दुसऱ्या दिवशी आबारावांना खांब काढावे लागले.

आणि त्यानंतरच्या पौर्णिमेला तिला पारावर बोलावणं आलं.

दुपार टळली होती. पारावर आबाराव, कमिटीचे दोन म्हातारे आणि आबारावांचा पुतण्या कुलदीप. गावच्या मोबाईल ग्रुपचा ॲडमिन म्हणून मान ताठ ठेवून फिरणारा. प्रेमाबाई खाली उभी राहिली. बसायला कुणी सांगितलं नाही, तिनंही वाट पाहिली नाही.

"ये प्रेमा," आबाराव म्हणाले. "एक पुकारा करायचाय."

"बोला आबा. भंडारा हाय का?"

"भंडाराच समज." कुलदीप फिदीफिदी हसला.

आबारावांनी पानाची पिंक टाकली. "उद्या सकाळपासनं मथुराबाईच्या भट्टीवर कुणी दूध घालायचं न्हाय. तिला गिरणीत दळण न्हाय, दुकानात सामान न्हाय. तिच्याशी जो बोलंल त्यालाबी तेच. आपसूक ताळ्यावर येईल. बस, एवढंच. चारी कोपऱ्यांवर सांग."

प्रेमाबाई नेहमीचंच बोलली.

"हुकूम कुणाचा म्हणू?"

"गावाचा म्हण."

"गावाचा म्हणजी?"

"गावाचा म्हणजी गावाचा! सगळ्यांचा!"

"सगळ्यांत म्या येते का? मला न्हाय कुणी इचारलं."

एक म्हातारा खोकला. आबारावांनी त्याच्याकडं बघितलं. "बरं, देवस्थान कमिटीचा म्हण."

"आबा, कमिटीचं नाव नगं," दुसरा म्हातारा घाईनं म्हणाला. "नोंदणी हाय तिची. उगा लचांड."

"मग आबारावांचा म्हणू?"

आबाराव मिशीवरून हात फिरवत राहिले.

"माझं एकट्याचं कशाला? म्या काय एकट्यानं ठरवलंय का?"

"अगं बाई," कुलदीप वैतागला, "नाव कशाला लागतंय? सांगायचं आन् मोकळं व्हायचं!"

"कुलदीप, मागं तुजी शेळी हरवली तवा काय पुकारलं होतं म्या? 'कुलदीपची शेळी, कपाळावर चंद्र, डावा कान फाटका.' म्हणून सापडली. शेळीला मालक लागतो आन् हुकमाला लागत न्हाय व्हय रं? आन् एवढी घाई असंल तर तुज्या ग्रुपवर टाक की."

"लिवलं की पुरावा होतो ना!" कुलदीप बोलून गेला. आबारावांनी डोळे वटारले, पण बाण सुटला होता.

"मग देवळाच्या भोंग्यावरनं बोल."

"रेकॉर्डिंग करतेत लोक..."

"कुलदीप!" आबाराव गरजले.

प्रेमाबाईनं मान हलवली. आता सगळं लख्ख दिसत होतं. बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, हे पारावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. लिहिलं तर लिहिणारा सापडतो, भोंग्यावर बोललं तर बोलणारा. उद्या पोलीस आले तर काय म्हणणार? गावात कोण ओरडलं? प्रेमाबाई. बास. म्हणून हा गळा हवा होता.

"म्हणजी हुकूम तुमचा आन् गुन्हा माझा."

"जास्त बोलू नको," आबाराव उठून उभे राहिले. "तुज्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या आमचा शब्द पुकारलाय."

"पुकारलाय, आबा. नाव घेऊन." तिनं पदर खोचला. "दिवेलागणीला शिट्टी वाजंल."

"शाबास!" कुलदीप म्हणाला. त्याला वाटलं, झालं काम.

घरी सिताबाई पत्र्याच्या सावलीत शेंगा फोडत बसली होती. आता ऐंशी ओलांडलेली, पण कान असे की पारावरची पिंक तिला घरात ऐकू यावी. प्रेमाबाईनं सगळं सांगितलं. सिताबाईनं एक शेंग दाताखाली फोडली.

"न्हाय म्हण आन् मोकळी हो."

"न्हाय म्हणलं तर कानोकानी फिरवतील, आत्याबाई. सकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक. मग ज्याला दूध घालायचंय त्योबी भिऊन बसंल. नेमका हुकूम काय, कुणाचा, कुणाला इचारायचं? कायबी ठाऊक नसलं की माणूस जास्तच भितो."

"आन् तू कशाला एवढी तापायलीस त्या मथुरीसाठी? तुला कधी कपात चहा दिला का तिनं?"

"न्हाय. माझ्यासाठी कागदी ग्लास आणून ठेवलेत तिनं. पेढा द्यायचा झाला तर वरनं हातावर टाकती. आन् आपल्या गाईचं दूध तिच्या कढईत कधी गेलं न्हाय, ईटच्या डेअरीला जातं."

"मग?"

"मग काय. तिच्यासाठी न्हाय." प्रेमाबाईनं गळ्यातली शिट्टी हातात घेतली. "आज तिचं दूध, उद्या आपलं पाणी. तुमाला म्हाईत हाय की कसं असतं."

सिताबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. छप्पन सालानंतर या घरांवर आलेला तो बहिष्काराचा उन्हाळा ती नवरी होऊन आली तेव्हाही संपला नव्हता. शेतात काम बंद, आडावर पाणी बंद, दुकानात मीठ बंद.

"तवा पुकारा कुणी केला होता?" प्रेमाबाईनं विचारलं.

म्हातारी एकदम हसायला लागली. बोळक्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"कोण करणार! पुकारणारे आमीच होतो ना! गावाला माणूसच मिळंना. मग पाटलाचा गडी रोज संध्याकाळी एकेका दाराशी जाऊन कानात सांगायचा, 'त्यांच्याशी बोलू नका हां.' कानात! जणू कुणाची सून गरवार राहिल्याची बातमी!" हसू ओसरलं. "कुणी सांगितलं म्हणून इचारलं की म्हणायचा, गावानं. सासरे लई हिंडले त्या गावाला शोधत. सापडला न्हाय कुठं."

म्हातारीनं पुढची शेंग उचलली. मग सिताबाई म्हणाली, "बेवारस जनावर सापडलं की तू काय करतीस?"

प्रेमाबाईनं सासूकडं बघितलं. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

दिवेलागणीला शिट्टी वाजली. कुत्री गप्प झाली. प्रेमाबाई देवळापुढच्या चौकात उभी होती, नेहमीच्या जागेवर नाही, पाणंदीत, जिथून खांब उपटला होता त्या खड्ड्याच्या कडेला. पारावर आबाराव आरामात रेलून बसलेले. उंबऱ्याउंबऱ्यातून माणसं बाहेर आली. कुजबूज आधीच पसरली होती. मथुराबाईही भट्टीच्या दारात येऊन उभी राहिली, हातात खवा घोटायचं लांब दांड्याचं उलथनं. तिला कळलं होतं काय येणार ते. तोंड दगडासारखं.

"ऐका हो ऐका!" प्रेमाबाईनं गळा मोकळा केला. "खलक खुदा का!"

म्हातारी माणसं चमकली. ही बोली कित्येक वर्षांत गावात ऐकली नव्हती.

"मुलुक लोकां का! आन् हुकूम..."

ती थांबली. नाटकात पात्र यायचं राहिलं की रंगमंच जसा ताटकळतो, तसा चौक ताटकळला. तिनं पाराकडं बघितलं. पाराच्या डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

"हुकूम कुणाचा त्ये म्हाईत न्हाय हो! आज दुपारी पारावर एक हुकूम बेवारस सापडलाय! शिंगं अणकुचीदार, शेपूट न्हाय, कानात बिल्ला न्हाय! चार माणसं त्याच्याभवती बसली होती, पण आमचा म्हणाया एकबी तयार न्हाय! ज्याचा कुणाचा असंल त्यानं उद्या चावडीवर यावं, समद्या गावापुढं आपलं नाव सांगावं आन् हुकूम घेऊन जावा! तवर हुकूम कोंडवाड्यात! हो!"

आधी कुणालाच काही समजलं नाही. मग गिरणीवाल्याला हसू फुटलं. मग उंबऱ्यातली सून पदरात तोंड घालून हसली. मग सगळा चौक.

"आगं पर हुकूम काय हाय?" मागून एकानं ओरडून विचारलं.

"मालकाबिगर सोडता येत न्हाय, दादा! मारका हाय!"

पुन्हा हशा. प्रेमाबाई पुढच्या कोपऱ्यावर गेली. शिट्टी. "ऐका हो ऐका!" तिसऱ्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत पोरंटोरं मागं लागली होती आणि "कानात बिल्ला न्हाय!" तिच्या आधी तीच ओरडत होती.

चौथ्या कोपऱ्यावर आबारावांनी तिला गाठलं. कुलदीपच्या मोटारसायकलवरून उतरले ते थेट अंगावर.

"थट्टा मांडलीस व्हय? तुला काय सांगितलं होतं?"

"सांगितलं ना आबा. कुणी सांगितलं तेवढं राहिलंय." आवाजानं तिला कधी दगा दिला नव्हता. "आत्ता नाव सांगा, आत्ता पुकारते. 'हुकूम आबारावांचा! मथुराबाईच्या भट्टीवर दूध घालायचं न्हाय!' पार ओढ्यापलीकडं ऐकू जाईल असं. सांगा. म्हणू?"

तिनं शिट्टी ओठांपाशी नेली.

आबारावांनी हात वर केला. मारायला की थांबवायला, हे त्यांनाही समजलं नसावं. आजूबाजूला उंबऱ्याउंबऱ्यात माणसं होती, आणि माणसांच्या हातात मोबाईल.

"काका, चला," कुलदीप हळूच म्हणाला. "शूटिंग करायलेत."

"तुजी नोकरी बघतो म्या," आबाराव दातओठ खात म्हणाले. "भूमला माझा शब्द चालतो."

"नोकरीचा हुकूम साहेबाच्या नावानं आला होता, आबा. काढायचा असंल तर त्योबी नावानंच येऊ द्या." प्रेमाबाईनं शिट्टी खाली केली. "म्याच पुकारीन. 'प्रेमाबाईला काढलं हो, हुकूम अमक्याचा.' लाज न्हाय वाटायची मला."

मोटारसायकल चालू व्हायला दोन-तीनदा किक मारावी लागली. तेवढा वेळ आबाराव पाठमोरे उभे होते.

पण हसणं वेगळं आणि दूध घालणं वेगळं, हे प्रेमाबाईला ठाऊक होतं. हशा फुकट असतो. सकाळी कॅन उचलून आबारावांच्या ओसरीपुढून भट्टीकडं जायचं, त्याला छाती लागते.

पहाटे ती उठली. गाय पिळली. रोज ईटच्या डेअरीला जाणारी किटली तिनं हातात घेतली आणि भट्टीची वाट धरली. अंधुक उजेड होता. खांबांचे खड्डे चुकवत पाणंदीतून चालली.

मथुराबाईनं भट्टी पेटवली होती. मोठी काळी कढई रिकामीच आगीवर. रोज या वेळेला तिथं कॅन आदळण्याचा गोंधळ असतो, मापावरून भांडणं असतात. आज नुसतं लाकूड तडतडत होतं.

"कुणी आलं न्हाय," मथुराबाई कढईकडं बघतच म्हणाली. "कढई तापली. आता दूध न्हाय पडलं तर करपती."

"आलंय की." प्रेमाबाईनं किटली खाली ठेवली.

मथुराबाईनं किटलीकडं बघितलं. मग प्रेमाबाईकडं. मग पुन्हा किटलीकडं. बोटं उलथन्यावर आवळली गेली. भट्टीचा खवा देवळाच्या पेढ्यांना जायचा, लग्नाकार्याला जायचा, आणि मथुराबाईच्या सासूपासूनचा रिवाज होता की बौद्धवाड्यातलं दूध या कढईत पडत नाही. का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"प्रेमा," मथुराबाई घसा खाकरत म्हणाली, "काल तू जे केलंस... लई मोठं केलंस. पण हे... म्हणजी माझ्या मनात काय न्हाय गं... पण आजवर असं..."

"काकू, तुमच्यासाठी न्हाय केलं म्या." प्रेमाबाई जिथं होती तिथंच उभी राहिली. आवाज वाढला नाही, पण तो चौकातलाच आवाज होता. "आन् आता म्या तुमालाबी तेच इचारते. माझ्या गाईचं दूध ह्या कढईत घालायचं न्हाय, ह्यो हुकूम कुणाचा? नाव सांगा. म्या किटली उचलते आन् जाते. वाईट वाटून न्हाय घेणार."

मथुराबाईनं तोंड उघडलं. सासूचं नाव ओठावर आलं असेल. देवाचं आलं असेल. कदाचित "गावाचा" असंही आलं असेल. यातलं काहीच बाहेर पडलं नाही. कढईच्या बुडातून धुराचा पहिला वास सुटला.

तिनं उलथनं भिंतीला टेकवलं, किटली उचलली आणि सगळं दूध एका दमात कढईत ओतलं. चर्रर्र असा आवाज झाला, आणि वाफेनं दोघींची तोंडं दिसेनाशी झाली.

"बेवारस होता," वाफेतून मथुराबाईचा आवाज आला.

"व्हय. लई दिस मोकाट हिंडत होता."

एका गाईच्या दुधानं ती कढई काय भरणार? तळालाच एक पांढरा थर पसरला. मथुराबाईनं घोटायला घेतलं. तेवढ्यात पाणंदीत कॅनची कडी वाजली. वस्तीवरचा धुळाप्पा आला. गावातला सगळ्यात भित्रा माणूस, बायकोला विचारल्याशिवाय मिशी न कापणारा.

"कुणी थांबवलं का, धुळाप्पा?" प्रेमाबाईनं विचारलं.

"थांबवलं की. कुलदीप उभा हाय तिकडं. म्हणला, दूध घालू नको. म्या म्हणलं, कोण म्हणतो? त्यो म्हणला, गप जा." धुळाप्पानं कॅन टेकवला आणि घाम पुसला, पौषातल्या थंडीत. "म्हणलं, जातो की. आलो."

त्या सकाळी सगळे आले नाहीत. अर्धेही नाही. आबारावांच्या भावकीतली घरं आली नाहीत, ती पुढंही कित्येक दिवस ईटलाच दूध नेत राहिली. गिरणीवाला हसला होता सगळ्यांत आधी, पण त्यानं मथुराबाईचं दळण दोन दिवस "मोटर बिघडली" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी मोटर आपोआप दुरुस्त झाली. खवा कमी निघाला, पण निघाला. भट्टी विझली नाही.

जायला निघालेल्या प्रेमाबाईला मथुराबाईनं थांबवलं. गरम खव्याचा गोळा बोटांनी तोडला आणि वरून टाकण्यासाठी हात सवयीनं उंच गेला. तो तिथंच अडकला. मग खाली आला, प्रेमाबाईच्या तळहाताला टेकला. चटका दोघींना बसला.

"भाजलं का गं?"

"भाजलं," प्रेमाबाई फुंकर घालत म्हणाली. "पण गोड हाय."

आबारावांनी भूमला शब्द टाकला की नाही, कुणास ठाऊक. नावानं काही आलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी मात्र जनावरांच्या लसीकरणाचा निरोप आला आणि दिवेलागणीला शिट्टी वाजली. कुत्री गप्प झाली, माणसं उंबऱ्यात आली. आबाराव पारावर होते, पाठ चौकाकडं करून.

"ऐका हो ऐका! हुकूम पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा! उद्या सकाळी आपापली जनावरं चावडीपुढं आणावी! लस टोचणार हाय!"

लोक परत फिरायला लागले. प्रेमाबाईनं पुन्हा शिट्टी वाजवली. सगळे थांबले.

"आन् पारावर सापडलेला त्यो हुकूम," ती पाराकडं तोंड करून, ओढ्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अजून कोंडवाड्यातच हाय हो! मालक आलेला न्हाय!"

आबारावांची पाठ हलली नाही. पण ओढ्यापलीकडं एका म्हशीनं मान वळवली.